मशीहाची भाकिते: जुना करार, मिशनरी आणि बेने इस्राएल

हिब्रू धर्मशास्त्रात मशीहाविषयी भाकिते किती, या साध्या प्रश्नावरच यहुदी आणि ख्रिस्ती यांचे एकमत नाही. ख्रिस्ती परंपरेने अशी वचने शेकड्यांनी काढून दाखवली आहेत. यहुदी भाष्यकार त्यांतली बहुतेक बाजूला सारतात आणि मोजकीच मान्य करतात. याचे एक कारण मूळ शब्दाच्या वापरात आहे. 'माशीआख' म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. हा शब्द शौल आणि दावीद या राजांना लावलेला आढळतो, मुख्य याजकाला लावलेला आढळतो आणि यशयाच्या ४५व्या अध्यायात तर तो इराणच्या कोरेश या परक्या, परधर्मी बादशहालाही लावलेला आहे. युगाच्या अखेरीस येणारा एकमेव तारणारा, या अर्थाने तो शब्द हिब्रू शास्त्रात जवळजवळ येतच नाही.

शब्द नसला तरी आशा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दावीदाला सांगतो की, त्याचे राजासन कायम टिकेल. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या फौजांनी यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, राजाला कैद केले आणि ते राजासन कोसळले. दिलेला शब्द खरा, पण गादी रिकामी, असा पेच उभा राहिला. त्यातून दावीदाच्या वंशातला एक राजा पुढे कधीतरी येईल, ही अपेक्षा धरली गेली. रोमन राजवटीत ती तापली. येशूचे पहिले अनुयायी यहुदीच होते आणि 'ख्रिस्त' हा 'माशीआख' याचाच ग्रीक पर्याय. म्हणजे हा वाद सुरू झाला तेव्हा तो दोन धर्मांतला नव्हता, एकाच समाजातला होता. येशूला मानणाऱ्यांत हळूहळू बिगरयहुदीच भरले, तेव्हा घरातले भांडण दोन घरांतले झाले.

दोन्ही घरांत ग्रंथ तेच आहेत, पण त्यांची मांडणी वेगळी आहे आणि ती मांडणी बोलकी आहे. यहुद्यांच्या संग्रहात आधी तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके, मग संदेष्टे आणि शेवटी इतर लेखन असा क्रम असतो. त्याचा शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो आणि त्याच्या अखेरच्या वाक्यात कोरेश राजा निर्वासित यहुद्यांना यरुशलेमला परत जायची मुभा देतो. ख्रिस्ती 'जुन्या करारा'त संदेष्ट्यांची पुस्तके शेवटी नेली आहेत. तिथे मलाखी हा शेवटचा, आणि त्याच्या शेवटच्या ओळींत एलीया संदेष्टा परत येणार असल्याचे सांगितले आहे. पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते. एका मांडणीत वाचकाला मायदेशी परतायचे आहे, दुसरीत तो कोणाची तरी वाट पाहत बसलेला आहे. दानीएलाचे पुस्तक ख्रिस्ती मांडणीत मोठ्या संदेष्ट्यांत बसते, यहुदी मांडणीत ते संदेष्ट्यांत नाहीच.

महाराष्ट्रात या वादाच्या दोन्ही बाजू मराठी बोलतात. विदर्भातल्या वाशीम जिल्ह्यात त्यांतली एकच, ख्रिस्ती बाजू दिसते. या भागात आधी मेथडिस्ट आणि १९३०च्या दशकापासून 'चर्च ऑफ द नाझरीन' या अमेरिकी पंथाचे मिशनरी काम करीत होते. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आणि त्याला जोडलेले परिचारिकांचे प्रशिक्षण ही त्यांचीच उभारणी. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकी डॉक्टरबाईंचे नाव त्या रुग्णालयाच्या पायाभरणीशी जोडलेले आहे. विदर्भातल्या मराठी मंडळ्यांत नाताळच्या दिवसांत यशया आणि मीखा यांची वचने वाचली जातात, ती येशूच्या जन्माची पूर्वसूचना म्हणून.

गंमत अशी की या पंथाच्या नावातच भाकितांच्या वादाचा एक अवघड नमुना दडलेला आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी योसेफ कुटुंब घेऊन नासरेथ गावी राहायला जातो आणि लेखक म्हणतो की, येशूला नासोरी (इंग्रजीत 'नाझरीन') म्हणतील, हे संदेष्ट्यांचे बोलणे यामुळे पूर्ण झाले. अडचण ही की, हिब्रू शास्त्रात असे वाक्य कोठेही नाही. नासरेथ या गावाचे नावसुद्धा त्यात येत नाही. जेरोमसारख्या प्राचीन ख्रिस्ती पंडितांनी यातून वाट काढली ती यशयाच्या ११व्या अध्यायाकडे बोट दाखवून. तिथे दावीदाचा बाप इशाय याच्या बुंध्यातून फुटणाऱ्या अंकुराला 'नेत्सेर' म्हटले आहे आणि त्याचा ध्वनी नासरेथशी जुळतो. दुसऱ्यांनी शमशोनाच्या कथेतला 'नाजीर' म्हणजे व्रतस्थ पुढे केला. यहुदी वाचकाला यातले काहीच पटत नाही. त्याच्या लेखी हा ध्वनीचा खेळ झाला. मात्र असा ध्वनीचा खेळ खुद्द यहुदी मिद्राशातही, म्हणजे शास्त्रवचनांवरच्या जुन्या भाष्यातही, भरपूर चालतो, हे लक्षात घेतले तर मत्तय हा त्याच परंपरेत वाढलेला लेखक होता, एवढे तरी मान्य करावे लागते.

दुसरी, यहुदी बाजू कोकणात होती. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, केहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली. शेकडो वर्षे त्यांच्याजवळ शास्त्राची पोथी नव्हती. शब्बाथ, आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा'ची प्रार्थना एवढ्यावर त्यांनी आपले यहुदीपण टिकवले. पुढे कोचीनच्या यहुद्यांनी त्यांना प्रार्थना शिकवल्या, आणि १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. समाजात त्याला 'मशीद' म्हणत.

संपूर्ण हिब्रू शास्त्र त्यांना समजेल अशा भाषेत आले ते मात्र ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातून. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली आणि त्यांच्यापैकी काही जण तिथे शिक्षक झाले. कोचीनचा बाप्तिस्मा घेतलेला यहुदी मायकल सार्गन याने १८२६ मध्ये खास या समाजासाठी मुंबईत शाळा काढली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले, त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये तयार झाले. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिशेब सरळ होता: या लोकांना त्यांचेच संदेष्टे मुळातून वाचायला दिले, की त्यांना येशू तिथे आपोआप दिसेल.

तसे झाले नाही. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतली, मराठी जुना करार घेतला आणि अगदी थोडे अपवाद सोडता ते यहुदीच राहिले. किंबहुना ते आधीपेक्षा अधिक जाणते यहुदी झाले. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर आणि हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करणारे जोसेफ इझिकिएल राजपूरकर ही याच शिक्षणाच्या लाटेतली माणसे. पुण्यात १८७४ मध्ये पेसाह सणाची हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या विधीची पोथी, छापली गेली, तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवल्या आहेत. पुढे योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने लावून मराठी कीर्तनेही होऊ लागली. मिशनऱ्यांचा अंदाज चुकला तो ग्रंथाबद्दल नव्हे, वाचनाबद्दल. कोणताही उतारा स्वतःहून बोलत नाही. वाचणारा कोठून सुरुवात करतो, यावर तो काय सांगतो हे ठरते, आणि ते यशयाच्या सातव्या अध्यायात जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र दिसत नाही.

तो प्रसंग इ.स.पू. ७३५च्या सुमाराचा. यहुदा राज्यावर आहाज राज्य करीत होता. दिमिष्काचा रसीन आणि उत्तरेकडील इस्राएलाचा पेकह या दोन राजांनी एकजूट करून यरुशलेमवर चाल केली. राजा घाबरला. यशया आपल्या मुलाला बरोबर घेऊन त्याला भेटायला गेला. ग्रंथात जागाही दिली आहे: वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर. वेढा पडला तर पाणी पुरेल की नाही, हे पाहायला राजा तिथे गेला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. यशयाने त्याला धीर दिला आणि खूण सांगितली: एका तरुणीला मुलगा होईल, त्याचे नाव इम्मानुएल ठेवतील, आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याच्या आत या दोन्ही राजांचे देश ओस पडतील. इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरच्या सैन्याने दिमिष्क घेतले.

यहुदी भाष्यकार हा उतारा इथेच वाचतात आणि इथेच संपवतात. वेढ्याच्या भीतीत सापडलेल्या राजाला सातशे वर्षांनंतर जन्मणाऱ्या मुलाची खूण देऊन काय उपयोग, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. मूल कोणाचे, यावर त्यांच्यातही मतभेद आहेत. कोणी म्हणाले आहाजाचा मुलगा हिज्कीया, पण हिज्कीया तेव्हा आधीच जन्मलेला होता असा हिशेब निघाल्यावर अकराव्या शतकातला भाष्यकार राशी याच्यासारख्यांनी ते यशयाचेच दुसरे मूल मानले. मत्तयाने मात्र ही वचने येशूच्या जन्माला लावली, आणि कुमारीच्या पोटी जन्म हा अर्थ त्यातून काढला. हिब्रूत शब्द 'अल्मा' आहे, म्हणजे लग्नाच्या वयाची तरुण मुलगी. इ.स.पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस', म्हणजे सहसा कुमारी, असा शब्द पडला, आणि मत्तयासमोर हेच ग्रीक भाषांतर होते. या एका शब्दाने दोन हजार वर्षे शाई खर्ची घातली आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या नव्या इंग्रजी बायबलने तिथे 'तरुण स्त्री' असे छापले, तेव्हा एका पाद्रीने ते पान जाहीरपणे जाळले.

पण हा वाद शब्दकोशाने सुटणारा नाही. हिब्रूत निःसंदिग्ध 'कुमारी' असता तरी यहुदी वाचकाने ती आहाजाच्या काळातलीच मानली असती, कारण ती पुढे लग्न करून आई होऊ शकते. आणि 'तरुणी' हे मान्य करूनही अनेक ख्रिस्ती भाष्यकार म्हणतात की, भाकीत दोनदा पूर्ण होते: एकदा आहाजाच्या काळात लहान प्रमाणात, दुसऱ्यांदा येशूत पूर्णपणे. ही दुहेरी पूर्ततेची कल्पना म्हणजे ख्रिस्ती वाचनाचा कणा आहे. येशू कोण, हे आधी ठरलेले असते. मग मागे वळून पाहिले की जुन्या ओळींत त्याची चाहूल लागते. यहुदी वाचनाचा ओघ उलटा आहे. ते संदेष्ट्याच्या काळापासून पुढे येते आणि मधल्या कोणत्याही माणसाला त्या ओळींचा धनी मानण्याआधी पुरावा मागते.

यशयाच्या नवव्या अध्यायातल्या बाळाचीही अशीच गत. त्याला जी भव्य नावे दिली आहेत, ती यहुदी भाष्यात बहुधा हिज्कीयाला किंवा खुद्द देवाला लागतात, ख्रिस्ती गायनात ती गव्हाणीतल्या बाळाला. आणखी एक बारकावा: तेच वचन यहुदी आवृत्तीत पाचवे आणि ख्रिस्ती आवृत्तीत सहावे असते, त्यामुळे दोन पुस्तके शेजारी ठेवून तपासणारा नवखा वाचक हमखास गोंधळतो. मीखाच्या पाचव्या अध्यायात बेथलेहेमातून येणारा शासक आहे. इथे मात्र राशीही तो मशीहाविषयीच मानतो. भांडण उरते ते एवढेच की, बेथलेहेम म्हणजे दावीदाचे कूळ, की मशीहाचे प्रत्यक्ष जन्मगाव.

खरा जीव तोडून झालेला वाद यशयाच्या ५३व्या अध्यायावर आहे. त्यात एक सेवक येतो. लोक त्याला तुच्छ लेखतात, तो दुसऱ्यांच्या अपराधांसाठी मार खातो, कापायला नेलेल्या कोकराप्रमाणे गप्प राहतो, मरतो आणि तरीही शेवटी त्याची सरशी होते. येशूच्या वधाची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला हे वाचताना दुसरे काही आठवूच शकत नाही, इतके साम्य आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात एक कूशी अधिकारी रथात बसून हाच उतारा वाचत चालला आहे आणि येशूच्या अनुयायांपैकी फिलिप्प याला तो नेमका कळीचा प्रश्न विचारतो: संदेष्टा हे स्वतःविषयी म्हणतो आहे की दुसऱ्या कोणाविषयी? फिलिप्पाचे उत्तर येशू. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने नोंदवले आहे की, त्याच्याशी वाद घालणारे यहुदी या उताऱ्यातला सेवक म्हणजे देशोधडीला लागलेला संपूर्ण इस्राएल समाज मानत होते. म्हणजे हे उत्तर मध्ययुगात ऐनवेळी शोधलेले नव्हते.

या यहुदी उत्तराला ग्रंथातला आधार पक्का आहे. त्याच पुस्तकात ४९व्या अध्यायात देव उघड म्हणतो की, इस्राएल हा त्याचा सेवक आहे. पण अडचणही आहे: हा सेवक इस्राएलासाठी काम करतो असेही तिथेच म्हटले आहे, मग तो स्वतः इस्राएल कसा? यहुदी परंपरेतही एक सूर नव्हता. अरामी भाषांतरात सेवकाला मशीहाच म्हटले आहे, पण दुःख मात्र मोठ्या चलाखीने त्याच्या अंगावरून उचलून इस्राएल आणि शत्रुराष्ट्रे यांच्यावर घातले आहे. तालमूदातही, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहातही, आजारपण सोसणाऱ्या मशीहाची कल्पना येते. राशीने सेवक म्हणजे इस्राएल हा अर्थ ठाम केला. त्याच्या हयातीतच, १०९६ मध्ये, क्रूसेडसाठी निघालेल्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या यहुदी वस्त्या कापून काढल्या होत्या. निष्पाप सेवकाचे दुःख कोणाचे, हा प्रश्न त्यानंतर त्या समाजाला पुस्तकी राहिला नाही.

आधुनिक अभ्यासकांच्या मते यशयाचे ४० ते ५५ हे अध्याय बाबिलोनच्या बंदिवासातल्या एका अनाम संदेष्ट्याचे आहेत, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकातले. तो कोरेशाला ओळखतो आणि त्याची वाट पाहतो. मग सेवक तो समाज असेल, त्या समाजातला एखादा छळलेला माणूस असेल, किंवा खुद्द लिहिणाराही असेल. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरान येथे यशयाची संपूर्ण गुंडाळी सापडली. ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहे. दोन्ही पक्षांनी एकमेकांवर मूळ शब्द बदलल्याचा जो आरोप अधूनमधून केला होता, त्याला तिने बऱ्याच अंशी पूर्णविराम दिला. मजकूर जवळपास तोच आहे. सातव्या अध्यायात 'अल्मा' आहे, त्रेपन्नाव्यात सेवक आहे. अर्थ कोणता, हे सांगणे गुंडाळीच्या आवाक्यातले नव्हते.

दानीएलाच्या नवव्या अध्यायातले सत्तर आठवड्यांचे गणित इथे थोडक्यातच आटोपावे हे बरे. सत्तर आठवडे म्हणजे ४९० वर्षे, मध्ये एका अभिषिक्ताचा घात आणि नगराचा नाश. ख्रिस्ती गणितज्ञांनी हे हिशेब वधस्तंभापाशी आणून जुळवले, यहुदी भाष्यकारांनी अग्रिप्पा राजा आणि इ.स. ७० मधल्या मंदिराच्या विध्वंसापाशी, आधुनिक अभ्यासकांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकात मारला गेलेला मुख्य याजक ओनियास याच्यापाशी. सुरुवातीची तारीख आपल्या मनाप्रमाणे धरली की शेवट हवा तिथे येतो. असे हिशेब करणाऱ्यांना तालमूदाने शापच देऊन ठेवला आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. इ.स. १३२ मध्ये रोमविरुद्ध बंड करणाऱ्या बार कोखबा याला रब्बी अकीवाने मशीहा मानले आणि तीन वर्षांत रोमन सैन्याने ते बंड चिरडले. १६६६ मध्ये शब्बताय झ्वी या दुसऱ्या एका 'मशीहा'ने ऑटोमन सुलतानासमोर चक्क इस्लाम स्वीकारला.

म्हणूनच बाराव्या शतकात यहुदी पंडित मैमोनिदीसने मशीहाची कसोटी कोरड्या, जवळजवळ कायदेशीर भाषेत घालून दिली. मशीहाने चमत्कार करून दाखवायची गरज नाही. दावीदाच्या वंशातला राजा हवा, त्याने तोरा पाळावी आणि पाळायला लावावी, इस्राएलाची युद्धे लढावीत, मंदिर पुन्हा बांधावे, विखुरलेले लोक एकत्र आणावेत. हे झाले तर तो मशीहा, झाले नाही किंवा तो मारला गेला तर नाही. यशयाच्या ११व्या अध्यायात लांडगा कोकरापाशी बसतो, तेही मैमोनिदीसने राष्ट्रांमधल्या शांततेचे रूपक मानले. १२६३ मध्ये बार्सिलोना येथे अरागॉनच्या राजासमोर जो जाहीर वाद झाला, त्यात यहुदी बाजू मांडणाऱ्या नहमानिदीसने हाच मुद्दा वापरला: येशूपासून आजपर्यंत जगात मारामाऱ्या आणि लूट चालूच आहे, मग शांततेचा राजा आला कधी? समोर पाब्लो क्रिस्तियानी हा धर्मांतरित यहुदी उभा होता आणि त्याने तालमूदातले दाखले काढले होते. राजाने नहमानिदीसला बक्षीस दिले, पण त्याने हा वृत्तांत लिहून प्रसिद्ध केल्यावर त्याला देश सोडावा लागला. ख्रिस्ती उत्तर ठरलेले आहे: राज्य आत्ता अंतःकरणात सुरू झाले आहे, उरलेले दुसऱ्या आगमनात पूर्ण होईल. यहुदी वाचकाला त्यात पळवाट दिसते, कारण हिब्रू शास्त्रात मशीहाच्या दोन फेऱ्या कुठेच सांगितलेल्या नाहीत. तरीही तालमूदात योसेफाच्या वंशातला एक मशीहा लढाईत मरतो आणि दावीदाचा मशीहा नंतर येतो, असा दोन मशीहांचा विचार आहेच.

मलाखीने ज्याच्या येण्याची घोषणा केली तो एलीया मात्र कोकणात खरोखर घरचा झाला. ख्रिस्ती वाचनात त्याचे काम बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने उरकले. यहुदी घरांत तो अजून यायचा आहे आणि सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडली जाते. बेने इस्राएलांनी एलियाहू हनाबीला, म्हणजे एलीया संदेष्ट्याला, नवसाला पावणारा केला. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर खुणा आहेत. एलियाहू हनाबी स्वर्गात जाताना त्याच्या घोड्याच्या टापा तिथे उमटल्या, अशी श्रद्धा आहे, आणि त्या जागेला 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात. नवस फेडताना, लग्नाआधी किंवा नवे घर घेतल्यावर, मलिद्याचा बेत ठरतो. भिजवलेले पोहे, किसलेला नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा कालवून ते ताटात भरतात, त्याभोवती फळे मांडतात. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्या फळाचा वेगळा, अशा क्रमाने हिब्रू आशीर्वाद म्हणतात, एलियाहू हनाबीचे गाणे होते आणि मग ताट वाटले जाते. भिंतीवर अग्निरथात बसलेल्या एलियाहूची तसबीर असते. ताटातले पोहे आणि नारळ हे कोकणचे, पण ज्याच्या नावाने ते वाढले जाते तो मशीहाच्या आधी येणारा निरोप्या आहे.

मिशनऱ्यांच्या बाजूलाही मराठी मन काम करीत होते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचे मराठी भाषांतर एकहाती केले. १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी ते पुरे झाले आणि १९२४ मध्ये छापले गेले. जुना करार मुळातूनच वाचावा, हा विल्सनांचा आग्रह त्यांनी शब्दशः पाळला. त्यांना त्यात ख्रिस्त दिसला. त्याच हिब्रूतून राजपूरकरांना यहुदी प्रार्थनापुस्तक दिसले होते.

दुसऱ्या महायुद्धातल्या संहारानंतर युरोपातल्या चर्चची भाषा बदलली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या वधाचा दोष सर्व यहुद्यांवर ठेवणे नाकारले. २००१ मध्ये कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगाने याच्या पुढचे पाऊल टाकले. हिब्रू शास्त्राचे यहुदी वाचन हे त्या ग्रंथातून निघू शकणारे एक रास्त वाचन आहे आणि यहुद्यांची मशीहाची प्रतीक्षा फुकट नाही, असे त्याने म्हटले. अनेक प्रोटेस्टंट पंथ, विशेषतः अमेरिकी मिशनांतून आलेले, याला राजी नाहीत. त्यांच्या लेखी भाकिते शेवटी येशूतच पुरी होतात.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. बाहेरच्यांनी हाकलले म्हणून ती गेली नाहीत. प्रार्थनापुस्तकातल्या परतीच्या ओढीचा त्यात मोठा वाटा होता. तिथे पोहोचल्यावर मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या यहुदीपणाबद्दल, विशेषतः लग्नसंबंधांबाबत, शंका काढली. त्यावर आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले. मैमोनिदीसच्या कसोटीतले विखुरलेल्यांना गोळा करण्याचे कलम यातून पुरे होत आहे का, यावर इस्राएलमध्येच एकमत नाही. देशाच्या रब्बींनी मान्य केलेली एक प्रार्थना या राज्याला मुक्तीचा पहिला अंकुर म्हणते. काही कडवे गट मशीहा येण्याआधी राज्य स्थापणे हेच पाप मानतात. अमेरिकेतल्या बऱ्याच इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांना तेच राज्य येशूच्या दुसऱ्या आगमनाची नांदी वाटते, तेव्हा यहुदी लोक येशूला मशीहा म्हणून ओळखतील, अशी त्यांची अपेक्षा असते. मराठी बोलणाऱ्या इस्राएली कुटुंबांचे 'मायबोली' हे नियतकालिक तिथे निघाले, मलिदाही होतो, आणि एलियाहू हनाबीचे गाणे आजही हिब्रूतच म्हटले जाते.